‘ओरिजिन’ची कुठली आवृत्ती वाचावी, आणि सोबत डार्विनची पत्रं का लागतात?

प्रश्न असा आला आहे: ‘डार्विनच्या हयातीत “ओरिजिन ऑफ स्पीशीज”च्या सहा आवृत्त्या निघाल्या. लेखकाने स्वतः हात फिरवलेली शेवटची आवृत्ती प्रमाण, असं आपण एरवी धरून चालतो. मग इथे जाणकार लोक पहिलीच वाचा असं का सांगतात? आणि पुस्तक हाताशी असताना त्याच्या हजारो पत्रांत शिरायची गरज काय?’

विज्ञानाच्या पुस्तकांचं संपादन हे माझं काम आहे आणि हे पुस्तक विद्यार्थ्यांबरोबर मी अनेकदा वाचलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निर्णय सांगतो. सुरुवात पहिल्या आवृत्तीने करा, म्हणजे २४ नोव्हेंबर १८५९ ला लंडनच्या जॉन मरे यांनी काढलेल्या. ती संपली की सहाव्या आवृत्तीतलं सातवं प्रकरण तेवढं वेगळं वाचा. मधल्या आवृत्त्या सलग वाचायच्या नसतात. एखाद्या परिच्छेदाचं काय झालं हे बघण्यापुरत्या त्या उघडायच्या असतात, आणि त्या वेळी शेजारी पत्रं नसतील तर हाती फारसं काही लागत नाही. कारण डार्विनने हे पुस्तक एकट्याने खोलीत बसून दुरुस्त केलेलं नाही. कुणी आक्षेप घेतला, कुणी चूक दाखवली, कुणी शब्द सुचवला, डार्विनने उत्तर लिहिलं, आणि मग पुढच्या आवृत्तीत एक वाक्य बदललं. वाक्य बदलल्याचं पुस्तक सांगतं, पण ते का बदललं हे बहुतेक वेळा पत्रातच सापडतं.

हे बदल किती, याचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. मॉर्स पेकहॅम या अमेरिकन अभ्यासकाने सहाही आवृत्त्या वाक्यावाक्याने ताडून १९५९ मध्ये एक पाठभेद-आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच्या मोजणीप्रमाणे पहिल्या आवृत्तीत ३,८७८ वाक्यं आहेत. त्यांपैकी जवळपास ३,००० वाक्यं डार्विनने कधी ना कधी पुन्हा लिहिली, काही तर पाच वेळा. शिवाय १,५०० हून अधिक वाक्यं नव्याने घातली आणि सव्वातीनशेच्या आसपास काढून टाकली. १८७२ ची सहावी आवृत्ती पहिलीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी आहे. तेव्हा ‘पहिली की सहावी’ हा प्रश्न किरकोळ नाही. नाव एक असलं तरी पुस्तक बऱ्याच अंशी बदललेलं आहे.

दुसऱ्या बाजूला पत्रं. आज डार्विनची, म्हणजे त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून, सुमारे १५,००० पत्रं ज्ञात आहेत आणि पत्रलेखक २,००० च्या घरात. ती गोळा करून, वाचून, टिपांसह छापण्याचं काम फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी १९७४ मध्ये सुरू केलं. पहिला खंड १९८५ मध्ये आला आणि तिसाव्या खंडाने ते पूर्ण झालं. पत्रं डार्विन करस्पॉन्डन्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि सहाही आवृत्त्या डार्विन ऑनलाइनवर आहेत. माझ्या पिढीने ज्या कामासाठी ग्रंथालयांच्या दारात वाट पाहिली ते आता पुण्या-नागपुरात घरी बसून करता येतं. याचा लाभ घ्यायलाच हवा.

आता प्रत्यक्ष बदलांकडे येऊ. ते सगळे एका जातीचे नाहीत, आणि वाचकाने सगळ्यात आधी हा फरक ओळखायला शिकावं असं मला वाटतं. काही बदल पुराव्यामुळे झाले, काही भिडेपोटी, आणि काही पुराव्यासारख्या दिसणाऱ्या पण पुढे चुकीच्या ठरलेल्या आक्षेपांमुळे.

भिडेपोटी झालेला सगळ्यात प्रसिद्ध बदल दुसऱ्याच आवृत्तीतला. पहिली आवृत्ती १,२५० प्रतींची होती आणि पुस्तकविक्रेत्यांनी ती हातोहात उचलली. मरे यांनी लगेच दुसरी मागितली. डार्विन तेव्हा यॉर्कशरमध्ये इल्कली इथे जलोपचारासाठी गेला होता. तिथेच दुरुस्त्या सुरू झाल्या आणि ७ जानेवारी १८६० ला ३,००० प्रतींची दुसरी आवृत्ती बाहेर पडली. पुस्तकाच्या अखेरच्या वाक्यात जीवन मुळात काही मोजक्या रूपांत किंवा एकाच रूपात फुंकलं गेलं असं आहे. दुसऱ्या आवृत्तीत तिथे ‘निर्मात्याकडून’ अशा अर्थाची भर पडली. याच सुमारास चार्ल्स किंग्स्ली या लेखक-धर्मोपदेशकाने प्रकाशनाआधी मिळालेली प्रत वाचून १८ नोव्हेंबरला पत्र लिहिलं होतं: ईश्वराने स्वतःहून विकसित होऊ शकतील अशी मूळ रूपं घडवली, ही कल्पनाही तितकीच उदात्त आहे, असं त्याचं म्हणणं. डार्विनने परवानगी मागून ते मत, किंग्स्लीचं नाव न घेता, शेवटच्या प्रकरणात घातलं.

यातले बदल तेवढे पुस्तकावरूनही कळतात. पण २९ मार्च १८६३ ला डार्विनने वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकरला जे लिहिलं ते पुस्तकात कुठेच नाही. लोकमतापुढे आपण नमतं घेतलं, बायबलातली निर्मितीची भाषा वापरली, याचं मला केव्हापासून वाईट वाटतं आहे, असं तो म्हणतो. त्याला म्हणायचं होतं इतकंच, की आपल्याला पूर्णपणे अज्ञात असलेल्या कुठल्या तरी प्रक्रियेने जीवन ‘अवतरलं’. तरीही अखेरच्या वाक्यातली ती भर त्याने सहाव्या आवृत्तीतही काढली नाही. फक्त सहावी वाचणारा माणूस ‘डार्विनचं अंतिम मत हे’ म्हणून ते वाक्य उद्धृत करतो, आणि त्या वाक्याबद्दल लेखकाला काय वाटत होतं हे त्याच्या गावीही नसतं.

अस्वलाचीही तीच गोष्ट. पहिल्या आवृत्तीत उत्तर अमेरिकेतल्या एका काळ्या अस्वलाचं निरीक्षण आहे: ते तासन् तास तोंड उघडं ठेवून पोहत होतं आणि पाण्यातले कीटक पकडत होतं. डार्विनने पुढे जाऊन लिहिलं की अशा सवयीवर नैसर्गिक निवड (जगायला उपयोगी पडणारे वेगळेपण पिढ्यान् पिढ्या टिकत जाणं) होत राहिली, तर देवमाशासारखा अजस्र प्राणी घडणं आपल्याला अशक्य वाटत नाही. त्यावर टवाळी झाली. दुसऱ्या आवृत्तीत निरीक्षण राहिलं आणि पुढचं अनुमान गेलं. १८६० मध्येच आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वेला लिहिताना मात्र डार्विन सांगतो की लोक दुखावले म्हणून आपण ते काढलं. अस्वलाचं तोंड मोठं होत जाण्यात खास अडचण काय, हे आपल्याला अजूनही दिसत नाही. वाक्य गेलं, पण मत तसंच राहिलं.

पुराव्यामुळे झालेला, म्हणजे सरळ चूक कबूल करून केलेला बदल पाहायचा असेल तर दक्षिण इंग्लंडमधल्या वील्डचं गणित बघा. समुद्राने कड्याची झीज करण्याचा एक वेग गृहीत धरून डार्विनने पहिल्या आवृत्तीत त्या प्रदेशाच्या झिजेला ३०,६६,६२,४०० वर्षं लागली असतील असं मांडलं, आणि लगेच ‘सुमारे ३० कोटी’ म्हणून टाकलं. भूवैज्ञानिकांनी आणि ‘सॅटर्डे रिव्ह्यू’च्या परीक्षणकर्त्याने त्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या आवृत्तीत सावधगिरीची भर पडली आणि तिसऱ्या आवृत्तीत, १८६१ मध्ये, हिशेबच गायब झाला. इतक्या थोड्या आधारावर इतका नेमका आकडा द्यायला नको होता, त्यामुळे हा बदल चांगलाच झाला.

पण वर्षांचा प्रश्न त्याने संपला नाही. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचं वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं आणि पुढे १० कोटींवर भर दिला. सावकाश चालणाऱ्या निवडीला एवढा काळ डार्विनला अपुरा वाटत होता. थॉमसनची मतं हे आपल्या सगळ्यात बोचऱ्या दुखण्यांपैकी एक आहे, असं त्याने १८६९ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसला, म्हणजे निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या निसर्गशास्त्रज्ञाला, लिहिलं. पाचव्या-सहाव्या आवृत्तीत बदलाचा वेग वाढवता येईल अशा कारणांकडे तो झुकलेला दिसतो, त्यामागे हा ताण आहे. आज आपण पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फ्लीमिंग जेनकिनचा प्रसंग, म्हणून तिथे जरा थांबतो. जेनकिन निसर्गशास्त्रज्ञ नव्हता. समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकण्याच्या कामातला तो अभियंता. जून १८६७ च्या ‘नॉर्थ ब्रिटिश रिव्ह्यू’मध्ये त्याने निनावी लेख लिहिला. त्याचा मुद्दा गणिती होता. त्या काळी आई-वडिलांचे गुण संततीत मिसळतात असं सगळेच मानत, डार्विनही. मग समजा, हजारो प्राण्यांत एखादाच उपयुक्त वेगळेपणा घेऊन जन्मला. त्याला जोडीदार मिळणार तो सामान्यच. संततीत तो गुण निम्मा, नातवंडांत पाव, पुढे एक अष्टमांश. हंडाभर पाण्यात पडलेल्या रंगाच्या थेंबासारखा तो काही पिढ्यांत दिसेनासा होईल. निवडीला धरायला उरेलच काय?

डार्विनला हे वर्मी लागलं. १६ जानेवारी १८६९ ला त्याने हूकरला कळवलं की जेनकिनने मला पुष्कळ त्रास दिला, पण इतर कुठल्याही लेखापेक्षा किंवा परीक्षणापेक्षा त्याचाच मला खरा उपयोग झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वॉलेसलाही त्याने मान्य केलं, की एकेकटे ठळक वेगळेपण टिकून राहणं आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा फार क्वचित घडतं.

आता याच सुमारास तयार झालेल्या पाचव्या आवृत्तीत चौथं प्रकरण उघडा आणि लांडग्यांचं उदाहरण शोधा. पहिल्या आवृत्तीत हरणांच्या मागे धावणारे चपळ, सडपातळ लांडगे आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ एक एकटं पिल्लूही आहे: विशिष्ट प्रकारचं भक्ष्य धरण्याची जन्मजात ओढ घेऊन आलेलं. पाचव्या आवृत्तीत या एकट्या पिल्लावरचा भार काढून घेतलेला आहे. आपण सडपातळ लांडग्यांबद्दल बोलतो आहोत, अचानक उपजलेल्या एखाद्या ठळक वेगळेपणाबद्दल नाही, असं डार्विन मुद्दाम बजावतो. आधीच्या आवृत्त्यांत आपण कधी कधी दुसरं काही घडत असल्यासारखं लिहिलं होतं, हेही तो सांगतो, आणि ‘नॉर्थ ब्रिटिश रिव्ह्यू’तल्या त्या समर्थ लेखाचा उल्लेख करतो. लेख वाचेपर्यंत ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे आपल्याला उमगलं नव्हतं, अशी छापील कबुली. विरोधी परीक्षणाला असं उत्तर देणारे लेखक माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच ‘सुधारित’ आवृत्त्यांत काय सुधारलं आणि का, हे सांगणारी चार ओळींची टीपही नसते, याचं मला मनापासून दुःख होतं.

जेनकिनचं गणित बरोबर होतं, पण पाया चुकीचा होता. गुण असे मिसळून विरत नाहीत. ग्रेगोर मेंडेलने ते १८६६ मध्येच छापलं होतं, पण जगाने त्याची दखल घेतली १९०० मध्ये. म्हणजे डार्विनने प्रामाणिकपणे माघार घेतली ती जिथे घ्यायची गरज नव्हती अशा ठिकाणी. अवयवांच्या वापर-न वापराचे परिणाम, परिस्थितीचा थेट परिणाम, यांना शेवटच्या आवृत्त्यांत जास्त जागा मिळाली. पहिली आवृत्ती वाचा म्हणण्याचं मुख्य कारण हेच. तिच्यात युक्तिवाद स्वच्छ आणि आजच्या जीवशास्त्राला अधिक जवळचा आहे.

वॉलेसचा प्रसंग थोडक्यात सांगतो. २ जुलै १८६६ च्या पत्रात त्याने सुचवलं की ‘नैसर्गिक निवड’ म्हटलं की लोकांना कुणीतरी विचारपूर्वक निवडणारा आहे असं वाटतं. त्यापेक्षा तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ (सर्वांत योग्य ते टिकतं) हा शब्दप्रयोग वापरावा. तीनच दिवसांत डार्विनचं उत्तर गेलं: पत्र दोन महिने आधी यायला हवं होतं, चौथी आवृत्ती जवळजवळ छापून झाली. मग पाचव्या आवृत्तीत, १८६९ मध्ये, चौथ्या प्रकरणाच्या शीर्षकात तो शब्दप्रयोग जोडून आला. जुना शब्दही त्याने ठेवला, कारण तो देशोदेशी रुळला होता. ज्या शब्दप्रयोगावरून आजही डार्विनला बोल लावला जातो, तो त्याच्या पुस्तकात दहा वर्षांनी आणि दुसऱ्याच्या आग्रहामुळे आला, हे पत्रं न वाचणाऱ्याला कळणार कसं?

मग सहाव्या आवृत्तीतलं सातवं प्रकरण का वाचायचं? कारण ते तिथेच आहे. सेंट जॉर्ज मिव्हर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये एका अख्ख्या पुस्तकात आक्षेप मांडले: अवयव पूर्ण घडल्यावर उपयोगी असेल, पण सुरुवातीच्या अर्धवट अवस्थेचा उपयोग काय? डार्विनने उत्तरासाठी नवं प्रकरणच लिहिलं. देवमाशाच्या तोंडातली गाळणी कशी घडली असेल, हे तो बदकांच्या चोचींच्या कडांवरच्या बारीक पट्ट्या एकामागून एक दाखवत समजावतो. सपाट माशाचा एक डोळा दुसऱ्या बाजूला कसा सरकतो, तेही तिथे आहे. आणि जिराफाची मान! आपल्या शाळेच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना वाटतं की जिराफ हे डार्विनचं पहिलंवहिलं उदाहरण. पहिल्या आवृत्तीत शोधाल तर माशा हाकलणारी जिराफाची शेपटी सापडेल. मान लांब कशी झाली याची चर्चा ‘ओरिजिन’मध्ये आली ती या सातव्या प्रकरणात.

पत्रं वाचताना एक मोठी अडचण लक्षात ठेवा. साधारण १८६२ पर्यंत डार्विन आलेली पत्रं लोखंडी सळ्यांवर टोचून ठेवी, आणि सळ्या भरल्या की त्या मोकळ्या करण्यासाठी अनेक वर्षांची पत्रं जाळून टाकी. पुष्कळ पत्रांचे त्याने विषयवार तुकडे कापून टिपणांच्या फायलींतही घातले. त्यामुळे सुरुवातीच्या काळात बरेचदा डार्विनचं बोलणं ऐकू येतं, कारण हूकर, भूवैज्ञानिक लायेल, डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी त्याची पत्रं जपली. त्यांचं बोलणं मात्र अंदाजाने भरून काढावं लागतं. वॉलेसने १८५८ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तर्नाते बेटाहून पाठवलेलं, ज्याच्यामुळे ‘ओरिजिन’ घाईने लिहिलं गेलं ते पत्रही आज उपलब्ध नाही.

तारखांचंही तसंच. डार्विन कित्येकदा नुसतं ‘डाउन (त्याचं राहतं गाव), मंगळवार’ एवढंच लिही. संपादक मग कागद, मजकुरातले उल्लेख आणि पत्ता यांवरून वर्ष ठरवतात. डाउनच्या टपाली पत्त्यात ब्रॉम्ले असेल तर पत्र आधीचं, बेकेनहॅम असेल तर १८६९ किंवा नंतरचं. अशी अंदाजे तारीख संकेतस्थळावर चौकटी कंसात दिसते. तो कंस बघितल्याशिवाय ‘या पत्रामुळे हा बदल झाला’ असं ठामपणे लिहू नका. पत्र बदलाच्या नंतरचं निघू शकतं.

आपल्या भागाचा संबंध विचाराल तर आहे. डार्विन भारतात कधी आला नाही, पण पत्रं येत-जात होती. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातल्या एडवर्ड ब्लाइथची पत्रं ‘ओरिजिन’च्या पहिल्या प्रकरणात मुरलेली आहेत. १८६७ मध्ये डार्विनने चेहऱ्यावरच्या भावांबद्दल छापील प्रश्नावली जगभर पाठवली. तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात राहणाऱ्या एर्स्किन नावाच्या इंग्रजाने निरीक्षणं करायचा प्रयत्न केला. त्याची तक्रार अशी, की इथले लोक युरोपियनांसमोर भावना दिसूच देत नाहीत, म्हणून खात्रीने काही सांगता येत नाही. डार्विनने ही मर्यादा १८७२ च्या ‘एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स’च्या प्रस्तावनेत जशीच्या तशी नोंदवली. त्या पुस्तकावरही पुढे पत्रं येत राहिली, पण पहिली आवृत्ती त्याच्या हयातीत संपली नाही. सुधारित आवृत्ती त्याच्या पश्चात मुलाने, फ्रान्सिसने, १८९० मध्ये काढली.

तुम्ही स्वतः सुरुवात कराल तर चौथ्या प्रकरणातला तो लांडग्यांचा उताराच घ्या. १८५९ आणि १८६९ चे पाठ समोरासमोर ठेवा, फरकाखाली रेघा ओढा, मग जानेवारी-फेब्रुवारी १८६९ मधली हूकर आणि वॉलेस यांना लिहिलेली पत्रं वाचा. आणि मराठीत कुठेही ‘डार्विन म्हणतो’ असं लिहाल तेव्हा वाक्याशेजारी आवृत्तीचं वर्ष द्या. तुमच्या हातातली प्रत कुठल्या आवृत्तीवरून छापली आहे हे मुखपृष्ठावर नसेल, तर चौथ्या प्रकरणाच्या शीर्षकात ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ आहे का ते बघा (असेल तर प्रत पाचवी किंवा सहावीवरून), आणि आक्षेपांना उत्तर देणारं स्वतंत्र सातवं प्रकरण आहे का ते बघा. ते प्रकरण असेल तर प्रत सहावीवरून घेतलेली आहे.